पहिल्या साबणाआधी: भांडी, कॉस्टिक आणि घरातलं लहान मूल

ताई, घरी पहिल्यांदाच साबण करायचा म्हणून तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. घरातलं हिंडालियमचं पातेलं आणि मिक्सर चालेल का, कॉस्टिक (म्हणजे कॉस्टिक सोडा, ज्याचं पाण्यातलं द्रावण तेलात मिसळलं की साबण होतो) कुठलं घ्यायचं, बेळगावजवळच्या आपल्या खानापूरच्या पावसात आत्ताच सुरुवात करावी का, आणि घरात तीन वर्षांचा मुलगा असताना हे करावंच का. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात.

करा. फक्त भीती योग्य जागी ठेवा. कॉस्टिक पाण्यात विरघळवायची ती दहा मिनिटं सगळ्यांना धोक्याची वाटतात, पण तेव्हा आपण गॉगल लावून, पदर खोचून, पूर्ण लक्ष देऊन उभे असतो. मला जास्त धास्ती वाटते ती आधीच्या आणि नंतरच्या वेळेची. उघडा राहिलेला डबा, ओट्यावर थंड व्हायला ठेवलेलं पाण्यासारखं दिसणारं द्रावण, मोरीत भिजत पडलेली भांडी. कॉस्टिकचे बारीक मणी तर थेट साबुदाण्यासारखे दिसतात. तीन वर्षांच्या पोराला काय कळणार? मोठ्या माणसाचीही गफलत होईल.

म्हणून डबा स्वयंपाकघरात ठेवायचाच नाही. घट्ट झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा, कुलपाच्या कपाटात, वरच्या फळीवर. त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही लिपींत ‘विष’ असं ठळक लिहा. आपल्या भागात घरकामाला येणारी बाई एक लिपी वाचते, पाहुणा दुसरी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कवटीचं चित्र काढा. पाण्याची किंवा सरबताची जुनी बाटली यासाठी कधीही वापरू नका, तासाभरासाठीसुद्धा नाही. तयार द्रावण उरवून ठेवायचं नाही. मोजून करायचं आणि त्याच बैठकीत संपवायचं. आणि ज्या दिवशी साबण कराल त्या दिवशी मुलगा आजीकडे किंवा शेजारी. ‘झोपलाय तोवर उरकते’ हे मला मान्य नाही. मुलं नेमकी तेव्हाच उठतात.

आता हिंडालियम, म्हणजे अॅल्युमिनियमचाच मिश्रधातू. अजिबात नाही. अॅल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की भांडं खाल्लं जातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तो पेट घेणारा वायू आहे, आणि हे सगळं तापत, फसफसत होतं. बेळगावात इंडालचा म्हणजे आताच्या हिंडालकोचा कारखाना आहे ना, तिथे बॉक्साइटमधून अॅल्युमिना वेगळं काढतात ते गरम कॉस्टिकमध्ये विरघळवूनच. जे रसायन दगडातून अॅल्युमिना ओढून काढतं त्याच्यापुढे आपल्या पातेल्याचा काय टिकाव लागणार? हिंडालियम, कुकर, केकचा डबा, नॉनस्टिक, जस्ताची बादली, सगळं बाद. तांब्या-पितळेची भांडीही नकोत. तांब्याचा अंश राहिला तर साबण लवकर खवट होतो. स्टेनलेस स्टील चालतं, पण तळाला बाहेरून अॅल्युमिनियमची चकती बसवलेली पातेली असतात, ती टाळा. धुताना तो तळ लायमध्ये, म्हणजे कॉस्टिकच्या द्रावणात, भिजतो.

द्रावणासाठी स्टीलपेक्षा प्लास्टिकचा जग सोयीचा, कारण बाहेरून हाताला कमी चटका बसतो. जगाच्या तळाला त्रिकोणात 5 आकडा बघून घ्या, ते प्लास्टिक उष्णता सोसतं. काच नको. कॉस्टिक काच हळूहळू खरवडतं, आणि एक दिवस गरम द्रावण भरलेलं असताना भांडं तडकतं. ढवळायला सिलिकॉनचा किंवा लांब दांड्याचा स्टीलचा चमचा घ्या. लाकडी पळी लायमध्ये झिजते आणि तिच्या कुसळ्या साबणात उतरतात.

मिक्सरला माझा ठाम नकार. बंद भांड्यात कोमट मिश्रण फिरवलं की झाकण उडतं किंवा कडेने फवारा येतो, आणि तो कच्चा साबण डोळ्याच्या उंचीवर असतो. हँड ब्लेंडर घ्या, ज्याचा दांडा आणि टोपी स्टीलची आहे असा. आधी तेलात बुडवायचा, थोडा तिरका करून आतली हवा काढायची, मगच बटण. बाहेर काढताना आधी बंद, मग वर. तो पुन्हा ताकाला किंवा चटणीला वापरायचा नाही. सगळीच भांडी वेगळी काढून त्यांवर खूण करा.

पैसे कुठे घालायचे म्हणाल तर साच्यांवर नको. बटर पेपर लावलेली लाकडी पेटी पहिल्यांदा पुरते. पैसे वजनकाट्यावर आणि गॉगलवर घाला. काटा डिजिटल, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. व्हिडिओत ‘एक वाटी सोडा, तीन वाट्या तेल’ असं सांगतात, ते ऐकायचं नाही. कॉस्टिकच्या पातऱ्यांची वाटी आणि मण्यांची वाटी यांचं वजन वेगळं भरतं. तेलाचंही तसंच. एक लिटरच्या पाकिटावर बघा, 910 ग्रॅम छापलेलं असतं. तुम्ही ते एक किलो धरून हिशेब केलात आणि 5 टक्के सूट ठेवलीत, म्हणजे कॉस्टिक तेवढं कमी घेतलंत, तरी ती सूट सगळी जाऊन वर 4 टक्क्यांच्या आसपास कॉस्टिक जादा होतं. तो साबण अंगाला झोंबणार.

हिशेब कसा, ते एकदा कागदावर करून बघा. खोबरेल 200 ग्रॅम, शेंगतेल 250, एरंडेल 50. खोबरेलाच्या प्रत्येक ग्रॅमला 0.183 ग्रॅम कॉस्टिक लागतं, शेंगतेलाला 0.136, एरंडेलाला 0.128. म्हणजे 36.6 अधिक 34 अधिक 6.4, एकूण 77. त्यातून 5 टक्के कमी केले की 73 ग्रॅम. हे 5 टक्के तेल साबण न होता तसंच राहतं, यालाच सुपरफॅट म्हणतात, आणि नवख्यासाठी तीच पहिली ढाल. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, 146 ग्रॅम. बोअरचं जड पाणी नको, आरओचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड घ्या. तेल बदललं की आकडा बदलतो, म्हणून दर वेळी लाय कॅल्क्युलेटरवर (तेलांची वजनं टाकली की कॉस्टिकचा आकडा देणारं ऑनलाइन साधन) ताडून घ्या.

कॉस्टिक सीलबंद डब्यातलं, शुद्धता छापलेलं घ्या, 98 टक्के किंवा वर. बेळगावच्या रविवार पेठेत काय किंवा कुठल्याही बाजारात काय, उघड्या पोत्यातून मोजून दिलेलं नको. ते हवेतलं पाणी ओढून बसलेलं असतं, त्यामुळे 73 ग्रॅममध्ये खरं कॉस्टिक किती हे कळत नाही. मोरी तुंबल्यावर टाकायची पावडर तर मुळीच नाही. काहींत अॅल्युमिनियमचे कणच घातलेले असतात. आणि दुकानात नुसतं ‘सोडा द्या’ म्हणू नका. धुण्याचा सोडा किंवा खायचा सोडा हातात पडेल, त्यांनी असा साबण होत नाही.

प्रत्यक्ष करताना: पाणी थंड, जग मोरीत किंवा परातीत ठेवलेला, खिडकी उघडी. अंगणात जमलं तर उत्तम. बाजूंनी बंद असलेला गॉगल लावा. नंबरचा चष्मा त्याच्या जागी चालत नाही. हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, पूर्ण बाह्या, पायात बंद चप्पल. नेहमी पाण्यात कॉस्टिक, थोडं थोडं, ढवळत. उलटं, म्हणजे कॉस्टिकवर पाणी ओतलं, तर ते जागच्या जागी उकळून अंगावर उडतं. द्रावण 80 अंशांच्याही वर तापू शकतं आणि वाफ घशाला लागते, तेव्हा वाकून बघू नका. 40 अंशांच्या आसपास येईपर्यंत जगाजवळून हलायचं नाही. फोन आला तर वाजू दे.

अंगावर उडालं तर वाहतं पाणी, सलग 15-20 मिनिटं. कोरडे कण असतील तर आधी झटकायचे, मग पाणी. व्हिनेगर किंवा लिंबू लावायचं नाही. त्यात वेळ जातो आणि वर उष्णता निर्माण होते. म्हणून नळाला पाणी दिवसाआड येत असेल तर पाण्याच्या दिवशीच साबण करा, आणि तरी दोन बादल्या भरून शेजारी ठेवा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान 20 मिनिटं धुवायचं आणि मग, दुखणं थांबलं असलं तरी, थेट दवाखान्यात. कॉस्टिक आत आत शिरत जातं, वरून कळत नाही. कुणी गिळलं तर उलटी करवायची नाही. जे गिळताना भाजत गेलं ते वर येताना पुन्हा भाजतं. ताक, लिंबू काही पाजत बसू नका. तोंड धुवायचं, 108 ला फोन लावायचा. खानापूरहून बेळगावला जिल्हा रुग्णालयात किंवा केएलईच्या रुग्णालयात न्यावं लागलं तर कॉस्टिकचा डबाही बरोबर घ्या, डॉक्टरांना नाव कळेल.

भांडी लगेच घासायला घेऊ नका. कच्चा साबण अजून जाळतो. मोजे न काढता कागदाने पुसून घ्या, दुसऱ्या दिवसापर्यंत कुलपाआड ठेवा, मग धुवा. वड्या दीड-दोन दिवसांनी कापताना पण मोजे हवेत. नंतर चार ते सहा आठवडे हवेशीर जागी, मुलाच्या हाताबाहेर.

पावसाचं विचारलंत, तर मी म्हणेन दिवाळीपर्यंत थांबा. जांबोटी-कणकुंबीकडचा ओलावा खानापुरात काही फार कमी नसतो. डबा दर वेळी उघडला की कॉस्टिक घामेजतं, गठ्ठे होतात, आणि सुकायला ठेवलेल्या वड्यांवर पाण्याचे थेंब धरतात. थंडीत खोबरेल गोठतं, ते वितळवून घ्यावं लागेल, एवढाच त्रास. तोवर काटा, गॉगल आणि कुलूप आणून ठेवा.

तेलं ठरली की वजनं ग्रॅममध्ये इथे टाका, कॉस्टिकचा आकडा मी तपासून देते. बॅच करायच्या आधी टाका हं.