सिक नोटवर (आजारपणामुळे कामाला जाता येत नाही, असा डॉक्टरचा दाखला) सही करण्याआधी

चि. डॉक्टरीणबाई,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा वैतागलेला निरोप ऐकला. सर्जरीत, म्हणजे इथल्या भाषेत गावच्या डॉक्टरच्या दवाखान्यात, रुजू होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच 'काका, या खोऱ्यात निम्मं गाव आजारी कसं? चांगली चालती-बोलती माणसं येऊन सिक नोट मागतात!' मी १९८६ साली ब्रिटनच्या या कोळसापट्ट्यात, साउथ वेल्समध्ये, आलो तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. तू निदान विचारलंस तरी. मी मनातल्या मनात 'आळशी आहेत' असं उत्तर देऊन मोकळा झालो आणि वर्षानुवर्षं सह्या ठोकत राहिलो.

माझ्या एका पेशंटचं सांगतो. वय सत्तेचाळीस, सगळी हयात कोळशाच्या खाणीत गेलेली. गुडघे झिजलेले, छातीत धूळ, आणि ड्रिल धरून धरून थंडीत बोटं पांढरीफटक पडायची. हे सगळं खाण चालू होती तेव्हाही होतंच. फक्त तेव्हा फोरमनने त्याला वर, जमिनीवरचं हलकं काम दिलं होतं. अशी मोडकी माणसं सांभाळून घ्यायची खाणींची जुनी रीत होती. खाणकामगारांचा संप १९८५ च्या मार्चमध्ये मोडला, खाणी एकेक करून मिटल्या. ऱ्होंडा खोऱ्यातली शेवटची, मर्डीची, डिसेंबर १९९० मध्ये. गुडघा कालचाच होता. त्या गुडघ्याला झेपेल असं काम मात्र गावात उरलं नाही.

मग हा माणूस जाणार कुठे? सरकारी भत्त्यासाठी बेकार म्हणून नाव घातलं तर पैसे कमी, वर्षभराने बायकोची कमाईही मोजणार, आणि नसलेली नोकरी शोधतोय हे सतत दाखवत राहायचं. आजारी म्हणून नाव घातलं तर पैसे जास्त, आणि कोणी रोज विचारत नाही. सरकारलाही ते सोयीचंच होतं, बेकारीचा आकडा तेवढा खाली दिसायचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला देशभरात आजारपणाच्या भत्त्यावरची माणसं सुमारे सात लाख होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती पंचवीस लाखांच्या वर गेली. एवढ्या काळात इंग्रज माणसाचं शरीर तिपटीहून जास्त बिघडलं असं तुला वाटतं का? शेफील्ड हॅलम विद्यापीठातल्या क्रिस्टिना बीटी आणि स्टीव्ह फॉदरगिल यांनी याला 'छुपी बेकारी' म्हटलं. यात लबाडीचा आरोप नाही, हे नीट लक्षात घे. आजार खरेच होते. पण तसाच गुडघा लंडनच्या बँकेत खुर्चीवर बसून पगार घेत होता.

मला हे उमगायला आपली मुंबई आठवावी लागली. तुझे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांपैकी कित्येकांना पुन्हा साचा दिसलाच नाही. त्यांच्याही छातीत कापसाची धूळ होती. पण 'ऑन द सिक', म्हणजे आजारपणाच्या भत्त्यावर, जायला त्यांना दार नव्हतं. कोणी गावाला गेलं, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी वॉचमन झालं. त्यांचा दमा कुठल्याच सरकारी आकड्यात आला नाही. म्हणून ते जास्त कष्टाळू आणि इथले ऐतखाऊ, असा हिशेब मी मांडत असे. आता लाज वाटते.

तू म्हणशील, खाणी जाऊन पस्तीस वर्षं झाली. खरंय, आणि आताची कारणं वेगळीही आहेत. दीर्घ आजारामुळे कामाबाहेर असलेली माणसं २०२४ च्या सुमारास अठ्ठावीस लाखांवर होती. बायकांचं पेन्शनचं वय साठवरून सहासष्टवर गेलं. पूर्वी जी बाई पेन्शनर म्हणून मोजली असती, ती आता 'आजारी' म्हणून मोजली जाते. एकट्या इंग्लंडमध्ये उपचाराच्या प्रतीक्षायादीत सप्टेंबर २०२३ मध्ये सत्त्याहत्तर लाखांहून जास्त नोंदी होत्या. खुब्याच्या ऑपरेशनसाठी दीड वर्ष थांबलेला माणूस नोकरीवर टिकेल कसा? आणि तरुण मुलंमुली नैराश्य, चिंता घेऊन येतात, ते तू रोज बघतेसच.

पैशाचंही गणित बघ. २०२५-२६ मध्ये पंचविशी गाठलेल्या एकट्या माणसाला युनिव्हर्सल क्रेडिटचे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्याचे, मूळ महिन्याला ४००.१४ पौंड, कामाला असमर्थ ठरला तर वर ४२३.२७. म्हणजे दुपटीहून जास्त. एप्रिल २०२६ पासून नव्या अर्जदारांसाठी ही वरची रक्कम बहुतेकांना सुमारे निम्मीच. पण खरी गाठ भीतीची आहे. तपासण्या, अपील, दोन वर्षांची उलघाल करून एकदाचा ठप्पा मिळालेला माणूस 'बघू जमतंय का' म्हणून चार तासांची नोकरी धरत नाही. जमलं नाही तर परत सगळं पहिल्यापासून, असं त्याला वाटतं. (यात पिप धरू नकोस. तो भत्ता अपंगत्वाच्या जादा खर्चासाठी आहे, नोकरी करूनही मिळतो. वर्तमानपत्रवाले दोन्हींची खिचडी करतात.)

आता तुझ्या हातातल्या कागदाकडे ये. २०१० साली सिक नोटची फिट नोट झाली. तिच्यावर दोन चौकोन आहेत: 'कामास योग्य नाही' आणि 'काही बदल केल्यास योग्य असू शकेल'. दहांतल्या नऊहून जास्त चिठ्ठ्यांवर पहिल्याच चौकोनात खूण असते. दहा मिनिटांत दुसरं काय होणार! तरी पेन उचलण्याआधी एवढं विचार: 'कामावर तुम्ही नेमकं काय करता? त्यातलं काय जमतं?' खोटं पकडायला विचारू नकोस, ते लगेच ओळखतात. आणि पहिल्या चिठ्ठीलाच विचार. सहा महिने घरी बसलेल्या माणसाला हा प्रश्न धमकीसारखा ऐकू येतो.

मी त्या खाणवाल्याला हा प्रश्न चिठ्ठ्या सुरू झाल्याच्या अकराव्या वर्षी विचारला. बराच वेळ टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, 'लॅम्परूममध्ये बसलो असतो, डॉक्टर. दिवे द्यायचे, परत घ्यायचे.'

लॅम्परूम पाडून तिथे तेव्हा गाड्यांचा तळ झाला होता.

रविवारी जेवायला ये. काकूने कोकम मागवलंय.

तुझा,
काका