उपलेट शेतात भरपूर आहे, मग संकटात कसं?

प्रश्न : काका, ऑगस्टमध्ये आम्ही हिमाचलातल्या लाहौलला गेलो होतो. केलांगजवळ ज्यांच्याकडे उतरलो, त्यांच्या शेतात माझ्या खांद्याएवढी रोपं होती. म्हणाले, 'हे कुठ.' घरी आल्यावर कळलं, हे तर आपलं उपलेट! आजीच्या शालींच्या पेटीत कसर लागू नये म्हणून मी मांडवीतल्या गांधीकडून, म्हणजे जडीबुटीच्या दुकानदाराकडून, त्याच्याच वाळलेल्या मुळ्या आणून ठेवते. भाचा म्हणतो, ही वनस्पती अतिसंकटग्रस्त आहे, जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा. शेतं भरलेली असताना संकट कसलं? आणि पेटीतल्या मुळ्या टाकून देऊ का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : टाकू नका. पण भाच्याला रागावूही नका, त्याने मोलाची गोष्ट विचारात आणून दिली आहे.

संकटात आहे की नाही हे ठरवताना शेतातली रोपं धरत नाहीत. रानात आपोआप वाढणारी किती उरली, तेवढंच बघतात. आणि लाहौल हे कुठाचं रान नव्हेच. त्याचं घर काश्मीरकडे, किशनगंगा आणि चिनाबच्या वरच्या खोऱ्यांत. लाहौल पर्जन्यछायेतला, रखरखीत. तिथे वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटाने आणून १९२०च्या दशकापासून लोक कुठ लावतात. तुम्ही पाहिलंत ते पीक. रानातलं कुठ मात्र आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी अलीकडची पायरी.

अशी वेळ का आली, ते मुळीकडे बघून समजतं. तुळशीची पानं खुडली तरी तुळस राहते. इथे विकली जाते ती मुळी, आणि ती खणली की झाड गेलं. बी पिकण्याआधी खणलं तर पुढची पिढीही गेली. मागणी तर दोन हजार वर्षांची. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत भडोचच्या बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कुठ आहे. आपल्या शेजारचं भडोच! पुढे चीनमध्ये धूपासाठी हीच मुळी जात राहिली.

मी १९९८ साली विद्यार्थ्यांना घेऊन रोहतांगवरून लाहौलला गेलो होतो, तेव्हा फुलं नुकती उमलत होती. गडद जांभळी, लांबून काळीच वाटावीत अशी, काटेरी बोंडासारखी, दोन-तीन एकत्र चिकटलेली. खालचं एकेक पान सुपाएवढं. एका आजींनी मुळी मोडून हातात दिली. वाळ्याची आठवण होते तोवर मागून ओल्या केसांसारखा उग्र दर्प येतो. त्या वासाने माझी पिशवी परतीच्या प्रवासभर दरवळत होती.

आता कायदा. संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या देशादेशांतल्या व्यापारावर लगाम घालणारा साइट्स नावाचा करार आहे. १९८५पासून त्याच्या पहिल्या परिशिष्टात कुठ आहे, त्यामुळे रानातल्या मुळीचा देशादेशांतला व्यापार बंद. आपल्याकडे १९९१च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात ज्या सहा प्रकारच्या वनस्पती घातल्या, त्यांतही ती आहे. रानातून उपटायला मनाई, लागवडीला परवाना लागतो, विकणाऱ्यालाही परवाना लागतो आणि आपणही परवानाधारकाकडूनच घ्यायचं. म्हणून पुढच्या वेळी गांधीला विचारा : माल शेतातला का, परवाना आहे का? उत्तर द्यायला तो का-कू करू लागला तर घेऊ नका. मला हा प्रश्न संकोच न करता विचारणारी गिऱ्हाईकं हवी आहेत, कारण परवानगीचा माल आणि चोरीचा माल दुकानात एकाच बरणीत पडला की नुसत्या डोळ्यांनी वेगळा करता येत नाही.

उपलेट म्हणून पुष्करमूळही खपवतात. त्याची फुलं पिवळी, पण मुळी वाळली की फसायला होतं.

पेटीतली मुळी बाहेरून वास उतरल्यासारखी वाटेल. एक मोडून बघा. आत वास शिल्लक असेल तर मोडून तुकडे करून पुन्हा ठेवा, यंदा नवीन आणायची गरज पडणार नाही.