कराओकेच्या कार्यक्रमात गाणी निवडण्यासाठी टच-स्क्रीन किऑस्क ठेवावा की गाण्यांची छापील पुस्तिका?

आपण लिहिले आहे की नाशिकमधील आपल्या साठ-सत्तर आसनांच्या रेस्टॉरंटमध्ये दर शनिवारी कराओकेचा कार्यक्रम सुरू करायचा आहे, यंत्रे विकणारा टच-स्क्रीनचा किऑस्क घ्या म्हणून मागे लागला आहे, आणि आपल्या भागीदारांच्या मते गाण्यांची छापील पुस्तिका व चिठ्ठ्या एवढ्यावर काम भागेल. माझा कल भागीदारांकडे आहे. मात्र ते बहुधा खर्चाचा विचार करत असतील आणि माझे कारण वेगळे आहे. 2009 ते 2014 या काळात मी अमेरिकेत, ओहायो राज्यातील कोलंबस शहरात राहत होते आणि तिथल्या एका पबमध्ये दर गुरुवारी कराओके चालवणाऱ्या गृहस्थांना मदत करत असे. गेली काही वर्षे पुण्यात एका उपाहारगृहात महिन्यातून दोनदा मी स्वतः हा कार्यक्रम चालवते. पुस्तिका आणि पडदा हे दोन्ही मी वापरले आहेत आणि दोन्हींमुळे कधी ना कधी कपाळावर हातही मारून घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते, कारण विक्रेते ती मुद्दाम एकत्र करून सांगतात. किऑस्क दोन निरनिराळी कामे करतो. एक म्हणजे गाणे शोधून देणे, आणि दुसरे म्हणजे कोणाचा नंबर कधी लागणार हे ठरवणे. पुस्तिका केवळ पहिले काम करते. दुसरे काम चिठ्ठी हातात घेणारा माणूस करतो. ही दोन कामे वेगळी करून पाहिली की आपला प्रश्न बराच सोपा होतो.

पुस्तिका मुळात का आली आणि का गेली, हेही थोडक्यात सांगते. जपानमध्ये कोबे शहरात 1971 साली दाइसुके इनोउए यांनी नाणे टाकून चालणारी यंत्रे तयार करून बारना भाड्याने दिली, तेव्हा त्या यंत्रांना पडदाच नव्हता. गाण्याचे शब्द छापील कागदावरून वाचावे लागत. (इनोउए यांनी पेटंट घेतले नाही, हे ऐकून माझ्या यजमानांना अजूनही हळहळ वाटते.) पुढे 1982 नंतर लेझर डिस्क आल्या, शब्द पडद्यावर गेले आणि कागदाकडे फक्त अनुक्रमणिकेचे काम उरले. 1992 मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून गाणी उतरवून घेणारी यंत्रे आली, तेव्हा गाण्यांची संख्या एवढी वाढत गेली की अनुक्रमणिका टेलिफोन डिरेक्टरीएवढ्या जाड झाल्या, आणि अखेरीस त्यांची जागा हातात धरायच्या पडद्यांनी घेतली. तिथे अशा पडद्याला लोक सर्रास ‘देन्मोकू’ म्हणतात. इलेक्ट्रॉनिक अनुक्रमणिका या अर्थाच्या जपानी शब्दांचा तो संक्षेप आहे.

विक्रेता आपल्याला जपानचे उदाहरण देईलच, म्हणून एवढे सांगितले. पण जपानमधील हा पडदा मुख्यतः बंद खोलीत वापरला जातो. चार मित्र खोली तासावर घेतात, पडदा हातोहात फिरतो, आणि कोणी लागोपाठ तीन गाणी लावली तर दुसरा त्याला हक्काने दटावतो. आपल्याकडे मात्र एका सभागृहात पंधरा टेबलांवर एकमेकांना अनोळखी माणसे बसलेली असतील. खोलीत जे यंत्र उत्तम चालते, ते अशा ठिकाणी अडचणीचे ठरू शकते.

कोलंबसच्या पबमध्ये मी गेले तेव्हा तीन कड्यांच्या जाडजूड फायली होत्या. प्रत्येक गाण्यापुढे डिस्कचा सांकेतिक क्रमांक आणि त्या डिस्कवरील ट्रॅकचा क्रमांक छापलेला असे, कारण चालवणाऱ्याला शेकडो डिस्कमधून नेमकी ती डिस्क उपसून काढावी लागे. गाणारा छोट्या चिठ्ठीवर आपले नाव, गाणे आणि क्रमांक लिहून टेबलाशी आणून देई. फायलींची पाने बिअरने चिकटलेली असत, मंद उजेडात अक्षरे दिसत नसत, म्हणून लोक मोबाइलचा प्रकाश पाडून वाचत, आणि सर्वांत लोकप्रिय पाने कोणीतरी फाडून नेलेली असत. पुढे सगळी गाणी लॅपटॉपवर गेली आणि पबच्या मालकांनी दाराजवळ एक उभा किऑस्क बसवला. पहिल्या महिन्यात सगळे खूश होते. पडदा अंधारात उजळून दिसे, अक्षरे मोठी करता येत, आणि गायकाचे नाव ठाऊक असलेल्याला दहा सेकंदांत गाणे सापडे.

त्यानंतर जे घडले ते आम्हाला हळूहळू उमगले. नेहमी गाणारे लोक अधिक गाऊ लागले आणि कधीतरी गाणारे कमी झाले. याचे कारण किऑस्कच्या समोर उभे राहिल्याशिवाय समजत नाही. किऑस्कवर एका वेळी एकच माणूस असतो आणि त्याच्या पाठीशी दोन-चार जण ताटकळत असतात. काय गायचे हे ज्याला आधीच माहीत आहे, तो पटकन नाव टाकून निघून जातो. ज्याचे अजून ठरलेले नाही, ज्याला गावे की नाही हाच प्रश्न आहे, तो पाठीमागच्या नजरांखाली पाने उलगडत बसू शकत नाही. “नंतर बघू” म्हणून तो जागेवर परततो आणि पुन्हा उठत नाही. फाईल मात्र टेबलावर पडलेली असते. जेवण येईपर्यंत चाळा म्हणून कोणीतरी ती उघडतो, शेजारची बहीण डोकावते, “अगं, हे तू कॉलेजमध्ये म्हणायचीस ना!” असे म्हणते, आणि अर्ध्या तासाने एक चिठ्ठी येते. जे गाणे आपल्याला आठवतही नव्हते ते डोळ्यांसमोर येणे हे पुस्तिकेचे खरे काम आहे, आणि शोधाच्या चौकटीत ते होत नाही, कारण चौकटीत आठवलेलेच लिहिता येते.

आपल्याकडच्या गाण्यांच्या बाबतीत शोधाची चौकट आणखीच तोकडी पडते. कराओके ट्रॅकची नावे बहुधा रोमन लिपीत साठवलेली असतात आणि ती कोणी कशी लिहिली आहेत याला धरबंध नसतो. ‘जिंदगी’ कोणी जेने सुरू करतो, कोणी झेडने, ‘चाँद’मध्ये कोणी एक ए घालतो, कोणी दोन, आणि आपला ‘ज्ञ’ मराठी माणूस डीएनवाय असा लिहितो, तर हिंदी भाषक जीवाय असा. एका स्पेलिंगने शोधले की “गाणे उपलब्ध नाही” असे उत्तर येते, आणि ते गाणे दुसऱ्या स्पेलिंगखाली निवांत बसलेले असते. पुस्तिका देवनागरीत, मुखड्याच्या पहिल्या शब्दानुसार अकारविल्हे लावली की हा प्रश्न जवळजवळ संपतो. चित्रपटाचे नाव पुष्कळदा आठवत नाही, पण मुखडा आठवतोच.

मराठी गाण्यांसाठी तर कागद अधिकच सोयीचा आहे. तयार मराठी ट्रॅक हिंदीच्या तुलनेत पुष्कळच कमी मिळतात, त्यामुळे हजारो गाण्यांच्या पडद्यावर ती बुडून जातात. पुस्तिकेत मात्र त्यांचा दहा पानांचा स्वतंत्र विभाग करता येतो. पुण्यात मी तो विभाग फाईलच्या अगदी सुरुवातीला हलवला आणि भावगीते मागणाऱ्यांची संख्या माझ्या डोळ्यांदेखत वाढली.

आता दुसऱ्या कामाकडे, म्हणजे नंबर लावण्याकडे येते, आणि इथे माझे मत ठाम आहे. किऑस्क गाण्यांची रांग लावतो. कार्यक्रम चालवणाऱ्याने माणसांची रांग लावायची असते. साध्या किऑस्कवर सात वाजता आलेला उत्साही माणूस पाच गाणी टाकून ठेवतो, आणि नऊ वाजता आलेल्या कुटुंबाला आपला क्रमांक सव्विसावा असल्याचे दिसते. अमेरिकेत चांगल्या कराओके चालवणाऱ्याचा नियम साधा असतो: एका फेरीत प्रत्येकाचे एकच गाणे, आणि नवा आलेला माणूस चालू फेरीच्या शेवटी. काही महागड्या प्रणालींमध्ये अशी फेरी लावण्याची सोय असते, ती आहे का हे विक्रेत्याला जरूर विचारा. पण तीन रडकी गाणी लागोपाठ आली तर मध्ये एखादे उडते गाणे घालावे, किंवा आजोबांना घरी लवकर जायचे आहे म्हणून त्यांना पुढे घ्यावे, हे कोणतीही प्रणाली ओळखत नाही. शिवाय चिठ्ठी द्यायला आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलता येतात. पहिल्यांदाच गाणाऱ्याचा चेहरा पाहून “स्केल थोडे खाली घेऊ का?” असे विचारले की निम्मी भीती तिथेच जाते.

स्केलचा मुद्दा निघालाच आहे तर त्यावर थोडे अधिक लिहिते, कारण परदेशी किऑस्क आणि परदेशी पुस्तिका या दोन्हींत त्याची दखल नीट घेतलेली नसते. आपल्याकडे एकाच गाण्याचे चार-पाच ट्रॅक असतात: मूळ स्केलचा, दोन स्वर खालचा, दोन कडव्यांचा, तीन कडव्यांचा, आणि युगुलगीत असेल तर स्त्रीचा किंवा पुरुषाचा आवाज तसाच ठेवलेला, म्हणजे एकट्याने गाणाऱ्यासाठी. पडद्यावर एकाच नावाच्या पाच ओळी दिसल्या की पाहुणा हमखास चुकीची निवडतो आणि चुकीचा ट्रॅक वाजू लागल्यावर साऱ्या सभागृहासमोर ओशाळतो. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक गाणे एकदाच छापावे, पुढे एकच क्रमांक द्यावा, आणि कोणता ट्रॅक लावायचा हे चालवणाऱ्याने गाणाऱ्याला विचारून ठरवावे.

किऑस्कवर पूर्ण विसंबण्याचा धडा मला पुण्यातच मिळाला. एका शनिवारी मी हौसेने कागद घरी ठेवला आणि टॅब्लेट व एक ॲप यांवर सगळा कारभार सोपवला. साडेनऊला टॅब्लेट आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि एकोणीस नावांची रांग पुसली गेली. पुढचा नंबर कोणाचा, असे मी माईकवर विचारले, तेव्हा तीन टेबलांवरून तीन हात वर आले, आणि तिघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. त्या रात्री मी बिलाच्या कोऱ्या कागदाच्या पाठीवर नावे लिहून कार्यक्रम पार पाडला.

मोबाइलवर क्यूआर कोड दाखवून यादी उघडण्याचा तिसरा मार्गही आपल्याला कोणीतरी सुचवेल. त्यात किऑस्कसमोरचा संकोच टळतो, हे मान्य करते. पण टेबलावरची चार माणसे चार फोनमध्ये जातात आणि तळघरात नेटवर्क नसेल तर सगळेच ठप्प होते. पूरक म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको.

मी आपल्या जागी असते तर असे केले असते. सगळा संग्रह छापण्याच्या भानगडीत पडले नसते. लोक खरोखर गातात अशी चारशे-पाचशे गाणी निवडून, किमान चौदा पॉइंटच्या अक्षरात, रिंग फाईलमध्ये प्लास्टिकच्या पाकिटांत घालून दर दोन टेबलांमागे एक प्रत ठेवली असती. स्पायरल बाइंडिंग करू नका, कारण मग एक पान बदलायला सगळी प्रत फेकावी लागते. गाण्याला एकदा दिलेला क्रमांक कधीही दुसऱ्या गाण्याला देऊ नका, कारण जुनी प्रत कुठेतरी शिल्लक राहतेच. पुस्तिकेत नसलेल्या गाण्यांसाठी चालवणाऱ्याच्या टेबलाशी एक साधा टॅब्लेट ठेवावा, ज्यावर तो स्वतः शोधून देईल आणि स्पेलिंगची कसरतही तोच करील. आलेली चिठ्ठी लॅपटॉपवर नोंदवावी, पण चिठ्ठी लगेच टाकून देऊ नये. रात्रीच्या शेवटी तो गठ्ठा चाळला की पुढच्या वेळी पुस्तिकेत काय वाढवायचे आणि काय गाळायचे ते कळते. माझी आजची यादी अशाच गठ्ठ्यांतून घडली आहे, आणि मला स्वतःला अतिशय प्रिय असलेली काही गाणी तिने निर्दयपणे बाहेर काढली आहेत.

किऑस्क कुठे घ्यावा, हेही सांगायला हवे. आपण पुढे-मागे तासावर देण्याच्या खोल्या काढणार असाल, किंवा येणारा वर्ग मुख्यतः महाविद्यालयीन आणि इंग्रजी गाणी गाणारा असेल, तर पडदा चांगला चालेल आणि पुस्तिकेला कोणी हातही लावणार नाही. त्याचप्रमाणे पुण्यात हौशी गायकांचे जे गट सभागृह भाड्याने घेऊन जमतात, त्यांना यांपैकी काहीच लागत नाही. त्यांची गाणी आठवडाभर आधीच व्हॉट्सॲपवर ठरलेली असतात आणि पुष्कळ जण स्वतःचा ट्रॅक पेन ड्राइव्हवर घेऊन येतात. आपल्याकडे येणारा माणूस मात्र जेवायला येणार आहे आणि त्याने अजून काहीच ठरवलेले नाही.

विक्रेता माघार घेत नसेल तर त्याच्याकडून यंत्र एका महिन्यासाठी भाड्याने मागून पाहा आणि चारही शनिवारी पहिल्यांदाच गाणारे किती जण उठले, एवढेच वहीत मांडा. आणि फायलींसोबत बॉलपेन ठेवू नका, ते पाहुण्यांच्या खिशातून घरी जातात. पेन्सिलींचे अर्धे तुकडे ठेवा, ते कोणी नेत नाही.