बर्डीवर एकटीनं खाल्लेले पोहे

*ताई, मी ५२ वर्षांची, सुभाषनगरला राहते. गुडघ्याच्या फिजिओथेरपीसाठी दर मंगळवारी मेट्रोनं बर्डीला जाते. परतताना एका सेल्फ सर्व्हिसच्या हॉटेलात कूपन घेऊन तर्री-पोहे खाते, चहा पिते आणि पावती तिथंच फाडून टाकते. मागच्या मंगळवारी जाऊबाईंनी पाहिलं आणि घरी सांगितलं, “एकटीच बसून खाऊन राहिली होती.” हे म्हणाले, “घरी काय खायला मिळत नाही काय?” तेव्हापासून अबोला आहे. मी चुकले का? माफी मागू का? — एक वाचक, नागपूर*

ताई, पोहे खाल्ल्याबद्दल माफी अजिबात मागू नका. भूक लागली, स्वतःच्या पैशांनी खाल्लं, घरी आलात. यात कोणाचं काही गेलं नाही.

पण ती पावती तुम्ही फाडत होता, यावर मात्र मला बोलायचं आहे. साध्या पोह्यांना लपवाछपवीचं रूप आलं ते तिथूनच. तुमच्या यजमानांचं वाक्य रागाचं असलं, तरी त्यामागे दुखावलेपण असावं असं मला वाटतं. बायकोची एक आवड आपल्याला वहिनीकडून कळावी, हे कोणत्याही नवऱ्याला लागेल. तेव्हा त्यांना एवढंच सांगा, “मला तिथं बसून खायला आवडतं. तुम्हाला आवडणार नाही या भीतीनं बोलले नाही, ते सांगायला हवं होतं.” उशीर झाला, चक्कर आली, डॉक्टरांनी खायला सांगितलं, असली कारणं पुढं करू नका. कारण दिलं की पुढच्या मंगळवारी नवं शोधावं लागतं.

घरी काय कमी आहे, याचं उत्तरही त्यांना द्या, भांडण म्हणून नव्हे. घरी पोहे होतात तेव्हा कढईपाशी तुम्ही उभ्या असता. सगळ्यांना वाढून होईपर्यंत तुमची बशी निवते. तिथं दुसऱ्या कुणीतरी केलेले गरम पोहे, वर चण्याची लाल तर्री, कच्चा कांदा, आणि मधेच कोणी हाक मारत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात आठवड्यातून एकदा हे हवंसं वाटलं, तर ती घराविषयीची तक्रार नव्हे.

जाऊबाईंवर राग धरू नका. जुन्या हॉटेलांत बायकांसाठी पडद्याआडची फॅमिली रूम असायची, तीही कुटुंबासोबत आलेल्यांसाठी. एकटी बाई हॉटेलची पायरी सहसा चढतच नसे. ती नजर अजून बऱ्याच घरांत शिल्लक आहे. त्यांच्याकडे खुलासा करायलाही जाऊ नका, सारखा खुलासा केला की गुन्हा केल्यासारखं दिसतं.

तुम्ही जागा मात्र अगदी योग्य निवडलीत. कूपनच्या हॉटेलात पैसे आधीच दिलेले असतात, “मॅडम, किती जण?” असं कोणी विचारत नाही, आणि चार खुर्च्यांचं टेबल एकटीनं अडवल्याचा संकोचही होत नाही.

यजमान बोलायला लागले की त्यांना एखाद्या रविवारी धरमपेठेत किंवा त्यांना आवडेल तिथं सोबत घेऊन जा. मंगळवारी मात्र नेऊ नका. तो वार तुमचा आहे, आणि तसं त्यांना प्रेमानं सांगता येतं.

आता तुमच्या गुडघ्याचं. अशा हॉटेलांत बरीच टेबलं उभ्यानं खायची असतात. व्यायामानंतर तिथं उभं राहू नका. बसायची जागा मिळेपर्यंत कूपन हातातच ठेवा, घाईनं काउंटरवर देऊ नका. खुर्ची अडवायला पर्स ठेवू नका, पाण्याची बाटली पुरते. तर्री वेगळ्या वाटीत मागून घ्या, म्हणजे ट्रे नेताना सांडत नाही आणि पोहेही भिजून गच्च होत नाहीत. ट्रे जड वाटला तर काउंटरवरच्या मुलाला टेबलापर्यंत आणून द्यायला सांगा. गुडघा दुखतो म्हटल्यावर कोणी नाही म्हणणार नाही.