डिझेलला चिप लावण्याआधी क्लच बघा
इंजिनची ताकद वाढवायला ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतले दोष तपासायच्या जोडात) खोचायच्या स्वस्त डब्या घेऊ नका. दिवे लुकलुकण्यापलीकडे त्यात बहुधा काही नसतं. खरा ट्यूनिंग बॉक्स रेल प्रेशर सेन्सरच्या, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या, वायरिंगमध्ये बसतो. तो ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) दाब कमी असल्याचं भासवतो, मग दाब वाढतो आणि इंजेक्टर जास्त डिझेल सोडतात. बॉक्सचा कपलर (वायरिंगला जोडायचा प्लग) तुमच्याच इंजिनचा हवा. वायर कापून जोडणाऱ्याकडे गाडी देऊच नका.

क्लच आधी तपासा. चौथ्या गिअरमध्ये, १८०० आरपीएमला, चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झरकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. वाढलेला टॉर्क ती पेलणार नाही. 

बॉक्सची सुरुवात सगळ्यात खालच्या सेटिंगने. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) बीएस-६ गाडीत हा नाद नकोच. काजळीने फिल्टर तुंबतो.