ग्लास फायबर (काचेचे तंतू) भरलेल्या पीपी प्लास्टिकसाठी मशीनच्या स्क्रूला हार्ड क्रोम (क्रोमियमचा कडक मुलामा) चालेल का?

तुमचं रबाळ्याचं युनिट, ६५ एमएम व्यासाचा स्क्रू (प्लास्टिक वितळवत पुढे ढकलणारा), ३० टक्के ग्लासचं पीपी (पॉलिप्रॉपिलीन), आणि क्रोम करूनही सहा महिन्यांत आउटपुट घसरलं, असं तुम्ही लिहिलंय. थोडक्यात सांगतो, पुन्हा क्रोम करू नका.

क्रोमचा थर असतो जेमतेम ३०-४० मायक्रॉन. त्यामुळे माल चिकटत नाही, साफसफाई सोपी होते, पण काचेच्या तंतूंपुढे तो टिकत नाही. स्क्रू बाहेर काढून बघा: खोबणीत क्रोम चकचकीत असेल आणि कॉम्प्रेशन झोनमध्ये (जिथे माल दाबला जातो तो मधला भाग) फ्लाइटच्या, म्हणजे स्क्रूच्या आट्याच्या, माथ्यावर मात्र राखाडी स्टील उघडं पडलं असेल. महापेच्या एका वर्कशॉपमध्ये असे स्क्रू ओळीने टांगलेले मी पाहिलेत, सगळे तिथेच खाल्लेले.

तुमच्यासाठी फ्लाइटच्या माथ्यावर निकेल बेसचं हार्डफेसिंग, म्हणजे कडक मिश्रधातूचा जाड थर (कोल्मोनॉय ५६ सारखा), आणि बाकी अंगाला नायट्रायडिंग, म्हणजे नायट्रोजन मुरवून स्टीलचा पृष्ठभाग कडक करणं. ग्लास याहून वाढवणार असाल तर एचव्हीओएफने (अतिवेगवान ज्वालेने फवारून) टंगस्टन कार्बाइडचा थर. महाग आहे, पण पैसे वसूल होतात. नुसतं नायट्रायडिंग साध्या पीई-पीपीला पुरतं. त्याचा कडक थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, तो घासला की खालचं स्टील भराभर जातं.

आणि हो, आधी बॅरल (स्क्रू ज्यात फिरतो ती नळी) मोजा. नवीन असताना स्क्रू आणि बॅरलमधली एका बाजूची फट साधारण ०.०६५ एमएम हवी. बॅरल तिप्पट सैल झाला असेल तर स्क्रूला सोन्याचा मुलामा दिलात तरी माल मागेच सरकणार.

पीव्हीसी चालवत असाल तर तसं लिहा, तिथे तापल्यावर मालातून सुटणाऱ्या ॲसिडचा प्रश्न येतो आणि हिशेबच बदलतो.