एम-वनची केटी आणि व्हर्नियरचे पन्नास भाग

"दहावीला गणितात ७१ होते, मॅडम. इथं पहिल्याच सेमला एम-वनची केटी. डिप्लोमा झेपणार नसेल तर आत्ताच काढून घेतो त्याला."

एम-वन म्हणजे पहिल्या सेमचं गणित, आणि केटी म्हणजे त्यात नापास होऊन तो विषय पुन्हा द्यावा लागणं. पॉलिटेक्निकमध्ये हिवाळी परीक्षेचा निकाल लागला की हे वाक्य मी ऐकतेच, फक्त मार्क बदलतात. या वेळी बोलत होते समीरचे वडील (नाव बदललं आहे), आणि तेही पोराच्या देखत.

समीर मेकॅनिकलचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. समुपदेशनाच्या पहिल्या दोन बैठका मी वाया घालवल्या, हे कबूल करते. परीक्षेची भीती असं गृहीत धरून श्वासाचे व्यायाम, झोपेचं वेळापत्रक वगैरे सांगत बसले. तो आपला "हो मॅडम, हो मॅडम". तिसऱ्यांदा क्लासची वही आणायला लावली. वही देखणी होती. पार्शल फ्रॅक्शनची (एका मोठ्या अपूर्णांकाचे साधे तुकडे करण्याची) पंधरा गणितं, उत्तरांना लाल चौकटी. मी वही मिटली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, १/२ + १/३. त्यानं क्षणात उत्तर लिहिलं, २/५.

"अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी तिसरा हिस्सा. अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?"

"जास्तच की."

"आणि दोन पंचमांश?"

तो कागदाकडे बघत राहिला. "हे तर अर्ध्याहून कमी झालं."

दहावीच्या शंभरातले वीस गुण अंतर्गत असतात, उरलेल्या ऐंशीत ठरावीक साच्याची गणितं पाठ करून बरंच पुढे जाता येतं. सातवीतलं भगदाड तसंच झाकलेलं राहतं. एम-वनला ते उघडं पडतं, कारण साध्या आकड्यांचे छेद समान करता येत नसतील तर क्ष असलेल्या पदावल्यांचे कुठून येणार? त्यात भाषा. 'छेद' त्याला कळायचा, 'डिनॉमिनेटर' म्हटलं की अडायचा. एमएसबीटीईनं, म्हणजे डिप्लोमाच्या परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळानं, मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय दिलाय खरा, पण त्याच्या वर्गात फळ्यावर सगळं इंग्रजीच.

वर्कशॉपमध्ये मात्र हाच मुलगा व्हर्नियर (बारीक मापं घेण्याची सरकत्या पट्टीची मोजपट्टी) चटकन वाचतो. म्हणून विचारलं, लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, किती मिलिमीटर?

"पॉइंट झीरो टू."

"का?"

"असतंच तेवढं."

मग आम्ही व्हर्नियरच टेबलावर घेतला. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर, सरकत्या पट्टीवर त्यांचेच ५० भाग. म्हणजे एक भाग ४९/५० मिलिमीटर. एकातून तो वजा कर. त्यानं एकाचे ५०/५० केले, मी न सांगता. उरला १/५०. "म्हणजे पॉइंट झीरो टू हेच?" असं म्हणून त्यानं व्हर्नियर उलटसुलट करून पाहिला.

पुढचे तीन महिने सातवी-आठवीची पुस्तकं, रोज वीस मिनिटं: अपूर्णांक, उणे चिन्हं, कंस सोडवणं. प्रश्नसंच घोटून घेणारा क्लास बंद करायला लावला. त्यावरून वडील माझ्यावर नाराज झाले, आणि फी आगाऊ भरलेली असल्यानं त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. मध्येच एकदा समीर दारात उभा. "मॅडम, एम-टूच्या, दुसऱ्या सेमच्या गणिताच्या, इंटिग्रेशनमध्ये पार्शल फ्रॅक्शन परत आलेत."

"मग?"

"छेद मी फोडला. पुढचं सरांना विचारलं."

सरांना स्वतःहून जाऊन विचारण्याची ही त्याची पहिली वेळ.

उन्हाळी परीक्षेत एम-वन सुटला, थिअरीत सत्तरपैकी ३१. वडिलांचा फोन आला, "एकतीसच पडले, मॅडम." मागून समीरचा आवाज ऐकू आला, "एम-टूचे अडतीस पण सांगा ना!"